साहेब, नचाल्निक आणि इवान पित्रोविच

वाचकांचे प्रश्न : परदेशी भाषा

लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचा करार २०२३ साली झाला. एकूण १,९२० डबे, आणि करार करणाऱ्या संयुक्त कंपनीत आपल्या रेल विकास निगमाच्या जोडीला रशियाचा ट्रान्समाशहोल्डिंग समूह. डॉक्टर व्हायला रशियाला जाणारी मुलं मराठवाड्यात आधीपासून आहेतच. त्यामुळे या महिन्याच्या टपालात रशियनचे प्रश्न बरेच आहेत, आणि बहुतेक एकाच जागी अडलेले : वरिष्ठाला म्हणायचं काय?

उत्तरांत रशियन शब्द बोलले जातात तसे देवनागरीत दिले आहेत, लिहिले जातात तसे नव्हे. रशियनमध्ये जोर नसलेला ‘ओ’ हा ‘अ’सारखा ऐकू येतो, म्हणून शब्दकोशातलं रूप थोडं वेगळं दिसेल. जोर कुठे द्यायचा ते शब्दाजवळ सांगितलं आहे. तो चुकला तर ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही, इतकं त्याचं महत्त्व आहे.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधून डब्यांचे सुटे भाग जातात. मी क्वालिटीला आहे. पाहणीला रशियन इंजिनियर आले की आम्ही सगळे ‘सर, सर’ करतो. मोबाईलवरच्या शब्दकोशात साहेबाला ‘नचाल्निक’ दिलंय. तोंडावर तसं म्हटलं तर चालतंय का? (लातूर)

उत्तर : नाही. आपल्या ‘साहेब’ या शब्दाला दोन कामं करता येतात. ‘साहेब आले का?’ असं मागं विचारता येतं आणि ‘साहेब, सही पाहिजे होती’ असं समोरही म्हणता येतं. रशियनमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या शब्दांची आहेत. पदाचं नाव माघारी घ्यायचं. समोर घ्यायचं ते माणसाचं नाव आणि त्याच्या वडिलांच्या नावावरून झालेलं पितृनाम. पितृनामाला ‘ओत्चिस्त्वा’ म्हणतात (जोर ‘ओ’वर).

‘नचाल्निक’ (जोर ‘चा’वर) हा शब्द कुणाबद्दल बोलताना अगदी साधा आहे : ‘मोय नचाल्निक’, माझे साहेब. तोच शब्द हाक म्हणून वापरला की अर्थ बदलतो. रशियात कैदी तुरुंगाच्या अधिकाऱ्याला ‘ग्रझ्दानीन नचाल्निक’, म्हणजे ‘नागरिक साहेब’, अशी हाक मारत आले आहेत, आणि नुसत्या ‘नचाल्निक!’ला तोच वास आहे. तुमचा पाहुणा परदेशी माणूस म्हणून समजून घेईल, पण कान टवकारल्याशिवाय राहणार नाही.

‘शेफ’ हा शब्दही ऐकाल. रशियनमध्ये तो स्वयंपाक्याचा नाही (तो ‘पोवर’, आणि मुख्य आचारी ‘शेफ-पोवर’). ‘शेफ’ म्हणजे बोलीतला बॉस. जुन्या ओळखीचे सहकारी एकमेकांत म्हणतात, आणि रस्त्यावर गाडी थांबवून ड्रायव्हरलाही ‘शेफ!’ म्हणतात. नव्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘बोस’ हा इंग्रजीतून आलेला, हलकाफुलका. ‘खझ्याइन’ (जोर ‘झ्या’वर) म्हणजे मालक, घरमालकसुद्धा. छोट्या खाजगी धंद्यातले कामगार मालकाबद्दल तो वापरतात. शेतावर आपण ‘मालक’ म्हणून आदरानं हाक मारतो तसा कचेरीत तो चालत नाही. ‘तवारिश्श’ म्हणजे कॉम्रेड. आज तो हुद्द्याला जोडून सैन्यात टिकून आहे : ‘तवारिश्श पल्कोव्निक’, कर्नलसाहेब. आणि ‘सर’ला रशियन कानात इंग्लंडातल्या किताबवाल्या माणसाचा अर्थ आहे, म्हणून ते हसून घेत असतील.

मग करायचं असं. पहिल्या भेटीत सरळ विचारा : ‘प्रस्तीत्ये, काक वास प ओत्चिस्त्वु?’, म्हणजे माफ करा, आपलं पितृनाम काय? हा प्रश्न तिथे रोजचा आहे आणि विचारल्यानं मान वाढतो. उत्तर येईल ‘इवान पित्रोविच’. त्या क्षणापासून दर वाक्याला हेच. ‘इवान पित्रोविच, मोझ्ना वास ना मिनूतु?’, एक मिनिट येता का? पाहणीच्या नोंदवहीत दोन्ही नावं लिहून ठेवा. पुढच्या खेपेला नुसतं ‘इवान’ आठवून उपयोग नाही.

पितृनाम कसं बनतं ते कळलं की लक्षात राहतं. वडील इवान, तर मुलगा इवानविच, मुलगी इवानव्ना. वडील सिर्गेय, तर सिर्गेयेविच आणि सिर्गेयेव्ना. वडील ईगर, तर ईगरेविच आणि ईगरेव्ना. वडील इल्या असतील तर मात्र इल्यीच, आणि मुलगी इल्यीनिच्ना. हिच्यात लिहिताना ‘च’ असला तरी बोलताना ‘श’ येतो, ‘इल्यीनिश्ना’. मधलं नाव वडिलांचं ही रीत आपल्याकडेही आहेच. फरक इतकाच की आपण ते सातबाऱ्यावर आणि गुणपत्रिकेवर लिहितो, ते लोक ते रोज तोंडानं घेतात.

एक अडचण नक्की येणार. घाईच्या बोलण्यात ही नावं आखडतात. ‘अलिक्सांद्र अलिक्सांद्रविच’चं ‘सान सानिच’ होतं, ‘पावेल पाव्लविच’चं ‘पाल पालिच’, ‘मारिया इवानव्ना’चं ‘मार्य इवान्ना’. कारखान्यात ही रूपं सर्रास कानावर येतील. ऐकून ओळखायला शिका, स्वतः मात्र पूर्ण म्हणा. नुसतं ‘पित्रोविच!’ अशी हाक जुने कामगार एकमेकांना मारतात. तिच्यात सलगी आहे, आणि ती पाहुण्यानं करायची नसते.

नव्या पद्धतीच्या कंपन्यांत, विशेषतः सॉफ्टवेअरच्या, पितृनाम गळत चाललं आहे. तिथे पहिलं नाव आणि ‘वी’, म्हणजे तुम्ही, एवढंच असतं. पण ते आपण सुरू करायचं नाही. समोरचा ‘मोझ्ना प्रोस्ता सिर्गेय’, नुसतं सिर्गेय म्हटलं तरी चालेल, असं म्हणाला की मग. तेव्हाही ‘ती’वर, म्हणजे तूवर, उतरायचं नाही. त्याचं आमंत्रण वेगळं मिळतं.

आणि ते तुम्हाला काय म्हणतील? आपल्याला पितृनाम नाही हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून बहुधा ‘गस्पदीन शिंदे’. ‘गस्पदीन’ म्हणजे श्रीयुत, बाईसाठी ‘गस्पझा’ (दोन्हींत जोर शेवटच्या अक्षरावर). परदेशी पाहुण्याला आडनावाआधी हा शब्द लावणं ही तिकडची नेहमीची औपचारिक रीत आहे.

प्रश्न : नचाल्निक, रुकवदीतिल, जवेदुयुश्शी, दिरेक्तर : चारही शब्दांचा अर्थ ‘प्रमुख’ दिलाय. कुठला कुठं वापरायचा? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हुद्दा कुठल्या जागेचा आहे त्यावर शब्द ठरतो, आणि ही जोडी पक्की असते.

‘नचाल्निक’ हा विभाग, शॉप, स्टेशन अशा अधिकाराच्या उतरंडीतला. कारखान्याच्या शॉपला ‘त्सेख’ म्हणतात, शॉपचा प्रमुख ‘नचाल्निक त्सेखा’. खालचा भाग ‘उचास्तक’, त्याचा ‘नचाल्निक उचास्तका’. रेल्वेत ‘नचाल्निक स्तान्त्सिइ’ म्हणजे स्टेशनप्रमुख, आणि ‘नचाल्निक पोयेज्दा’ म्हणजे धावत्या गाडीचा प्रमुख. शब्दाचं मूळ ‘नचाला’, म्हणजे आरंभ. जो आरंभी उभा तो प्रमुख.

‘रुकवदीतिल’ (जोर ‘दी’वर) म्हणजे शब्दशः हात धरून नेणारा. प्रकल्प, गट, प्रबंध, संपूर्ण संस्था, सगळीकडे चालतो, आणि चारही शब्दांत हा सगळ्यात सुरक्षित. नेमका हुद्दा माहीत नसेल तर हाच लिहा. याच्याच घरातला ‘रुकवोत्स्त्वा’ मात्र फसवतो. त्याचा एक अर्थ व्यवस्थापन, दुसरा माहितीपुस्तिका. मशीनच्या खोक्यात ‘रुकवोत्स्त्वा प एक्स्प्लुआतात्सिइ’ सापडलं तर तो मशीन चालवण्याचा मॅन्युअल आहे. तो वरच्या साहेबांचा खलिता समजून फाईलला लावला, की मशीन बसवणारा ते शोधत बसतो.

‘दिरेक्तर’ (जोर ‘रे’वर) म्हणजे कंपनी, कारखाना, शाळा यांचा सर्वोच्च माणूस. शाळेचा मुख्याध्यापकही दिरेक्तरच. अनेकवचनात जोर उडी मारून शेवटी जातो, ‘दिरिक्तरा’. ‘दिरेक्तरी’ म्हटलं की भाषा कच्ची आहे हे लगेच उघडं पडतं.

‘जवेदुयुश्शी’ (जोर ‘वे’वर) हा गोदाम, दवाखान्याचा वॉर्ड, विद्यापीठाचा विभाग, ग्रंथालय यांचा. याच्या पोटात ‘वेद’ दिसतो तो खराच आहे : रशियन ‘वेदत’ आणि संस्कृत ‘विद्’ ही एकाच मुळाची भावंडं. जाणतो तो सांभाळतो.

मराठी माणसाची हमखास चूक याच शब्दापाशी होते. ‘गोदामाचा प्रमुख’ या हिशेबानं आपण षष्ठी लावतो आणि ‘जवेदुयुश्शी स्क्लादा’ म्हणतो. बरोबर आहे ‘जवेदुयुश्शी स्क्लादम’, तृतीयेत. कारण हे मुळात नाम नाही, कृदंत आहे, आणि कृदंत आपल्या क्रियापदाची विभक्ती सोडत नाही. मराठीतही तेच होतं बघा : ‘गोदामाचा प्रमुख’ म्हणताना ‘चा’ येतो, पण ‘गोदाम सांभाळणारा’ म्हणताना येत नाही. रशियन क्रियापद ‘जवेदवत’ तृतीया मागतं, म्हणून त्याचं कृदंतही तृतीयाच मागतं. खूण सोपी आहे. पदनामाच्या शेवटी ‘-उश्शी’ किंवा ‘-युश्शी’ आलं तर तृतीया. नाहीतर षष्ठी : नचाल्निक त्सेखा, दिरेक्तर जवोदा (कारखान्याचा), रुकवदीतिल प्रयेक्ता. याच कृदंतपणामुळे जवेदुयुश्शी विशेषणासारखा चालतो. ‘त्यांना’ म्हणजे ‘जवेदुयुश्शिमु’. नामासारखा चालवलात तर वाक्य मोडतं.

जोडशब्दांतही हाच धागा आहे. ‘ज्झाम’ किंवा ‘झाम’ असं काही ऐकू आलं तर तो ‘जाम’, ज जमिनीतला : ‘जमिस्तीतिल’चं लघुरूप, म्हणजे उप. ‘जामदिरेक्तरा’ म्हणजे उपसंचालक, ‘जाफ्काफिद्रइ’ म्हणजे विभागप्रमुख. यांचा शेवट आधीच षष्ठीत किंवा तृतीयेत अडकलेला असल्यानं हे शब्द कुठल्याच विभक्तीत बदलत नाहीत. ‘ग्लाव्व्राच’ (मुख्य डॉक्टर) आणि ‘प्रराप’ (बांधकामावरचा साइट इंजिनियर, ‘कामं पार पाडणारा’ या दोन शब्दांचं लघुरूप) मात्र सरळ चालतात : ग्लाव्व्राचा, प्रराबा.

आणखी एक खड्डा. ‘वेदुश्शी इंझिनेर’ म्हणजे शब्दशः ‘पुढं नेणारा इंजिनियर’. वाचून तो प्रमुख वाटतो, पण ती फक्त श्रेणी आहे : साधा इंजिनियर, मग दुसरी श्रेणी, पहिली श्रेणी, मग वेदुश्शी. त्याच्या हाताखाली एकही माणूस नसू शकतो. मंजुरीची सही हवी असेल तर ‘ग्लाव्नी इंझिनेर’ शोधा. तो खरा मुख्य अभियंता.

प्रश्न : आमच्याकडे उसाच्या फडात मुकादम असतो. रशियन ‘ब्रिगदीर’ म्हणजे मुकादमच ना? (बीड)

उत्तर : अर्धाच. टोळीचा म्होरक्या या अर्थी हो. पण आपला मुकादम उचल देतो, टोळी जमवतो, कारखान्याशी करार करतो. ब्रिगदीर (जोर ‘दीर’वर) यातलं काही करत नाही. तो त्याच टोळीतला अनुभवी कामगार असतो, स्वतः हत्यार हातात घेऊन काम करतो आणि टोळीच्या कामाचा हिशेब वर देतो. सोव्हिएत काळातल्या सामुदायिक शेतीत, ‘कल्खोज’मध्ये, शेतावरच्या टोळीचा प्रमुखही ब्रिगदीरच होता. त्याच्यावर ‘प्रित्सिदातिल’, अध्यक्ष. शब्दशः ‘पुढे बसणारा’. यातला ‘सिद’ आणि आपल्या ‘सभासद’, ‘संसद’मधला ‘सद्’ एकच.

कारखान्यात ब्रिगदीरच्या वरचा ‘मास्तिर’. आपल्याला शाळेचा किंवा शिलाईचा मास्तर आठवेल, पण हा शिफ्टचा सुपरवायझर. अनेकवचन ‘मस्तिरा’, जोर शेवटी.

प्रश्न : मॅडमला काय म्हणायचं? (जालना)

उत्तर : ‘मदाम’ तर नकोच. रशियनमध्ये त्याला टोचण्याचा सूर आहे. पुरुषांना जे लागू तेच इथेही : नाव आणि पितृनाम, ‘यिलेना सिर्गेयेव्ना’.

माघारी बोलताना प्रश्न जरा खोल जातो. ‘नचाल्नित्सा’ हे स्त्रीलिंगी रूप आहे, पण ते गप्पांतलं. ‘दिरिक्त्रीसा’ शाळेच्या मुख्याध्यापिकेबद्दल मुलं म्हणतात, आणि त्यात थोडा हेटाळणीचा रंग असतो. ‘दिरेक्तर्शा’त तो आणखी गडद. कागदोपत्री पदनाम पुल्लिंगीच राहतं. गंमत क्रियापदात आहे. ‘दिरेक्तर स्कजाला’, दिरेक्तर म्हणाली : नाम पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये. आपण ‘जिल्हाधिकारी आल्या’, ‘तहसीलदार म्हणाल्या’ असं बोलतोच. फक्त विशेषण पुल्लिंगीच ठेवायचं : ‘नाश नोवी दिरेक्तर स्कजाला’. ‘नाशा नोवया दिरेक्तर’ चुकीचं.

अपवाद ‘जवेदुयुश्शया’. कृदंत असल्यानं त्याचं स्त्रीलिंगी रूप सहज होतं आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. वॉर्डच्या प्रमुख डॉक्टर बाईंना बिनधास्त ‘जवेदुयुश्शया अद्दिलेनियेम’ म्हणा.

प्रश्न : ‘साहेब आले’ याचं भाषांतर मी ‘नचाल्निक प्रिश्ली’ असं केलं. शिकवणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली. आदरार्थी अनेकवचन रशियनमध्ये आहे ना? (परभणी)

उत्तर : आहे, पण फक्त समोरच्या माणसासाठी. ‘वी प्रिश्ली’, तुम्ही आलात, हे एका माणसालाही बरोबर, आणि ती बाई असली तरी ‘प्रिश्ली’च. ‘वी प्रिश्ला’ नाही. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना आदर कितीही असो, एकवचनच : ‘नचाल्निक प्रिशोल’, अक्षरशः ‘साहेब आला’. ‘प्रिश्ली’ म्हटलं की ऐकणारा विचारेल, किती जण आले? जुन्या काळी नोकर मालकाबद्दल ‘बारिन प्रिश्ली’ म्हणत. ती वेठीच्या काळातली रीत आज नाटकापुरती उरली आहे. मराठी जीभ ‘साहेब आला’ म्हणताना अडखळते, कारण आपल्याकडे तो अपमान आहे. तिकडे नाही. ही एक सवय मुद्दाम मोडावी लागते, वाक्यं मोठ्यानं म्हणून.

‘वरिष्ठ मंडळी’ या अर्थाचा शब्द तुम्हाला आवडेल : ‘नचाल्स्त्वा’. समूहवाचक, नपुंसकलिंगी, एकवचनी. ‘नचाल्स्त्वा प्रियेखला’ म्हणजे साहेब लोक आले. मोटारी चार आल्या तरी क्रियापद एकवचनी. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये असं आपण म्हणतो, तशी त्यांची म्हण आहे : ‘या नचाल्निक, ती दुराक, ती नचाल्निक, या दुराक’. मी साहेब तर तू खुळा, तू साहेब तर मी खुळा. (यातला ‘ती’ म्हणजे तू.) सहकाऱ्यांत म्हणायची आहे, बैठकीत नव्हे.

प्रश्न : मुलगा एमबीबीएससाठी रशियाला जातोय. शिक्षण इंग्रजीत आहे म्हणतात. मग तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी, सरांशी बोलायला रशियन लागेल का, आणि किती? (नांदेड)

उत्तर : लागेल. आपल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. पण वर्ग इंग्रजीत असला तरी वॉर्डातला रुग्ण, सिस्टर आणि कचेरीतली बाई रशियनच बोलणार. मुलाला जाण्याआधी ही माणसं ओळखता आली पाहिजेत :

विद्याशाखेचा प्रमुख ‘दिकान’, त्याची कचेरी ‘दिकनात’. हजेरी, बोनाफाईड, रजा, सगळी कामं दिकनातमध्ये. मेडिसिनची शाखा ‘लिचेब्नी फकुल्तेत’. विभाग म्हणजे ‘काफिद्रा’, प्रमुख ‘जवेदुयुश्शी काफिद्रइ’. संपूर्ण विद्यापीठाचा ‘रेक्तर’. विद्यार्थ्यांच्या गटावर लक्ष ठेवणारा शिक्षक ‘कुरातर’, आणि गटातलाच मॉनिटर ‘स्तारस्ता’ (जोर ‘स्ता’वर, पहिल्या). पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त कामी येणारा माणूस स्तारस्ता आहे. वेळापत्रक बदललं की आधी त्याला कळतं.

दवाखान्यात ‘ग्लाव्नी व्राच’ सगळ्यांवर, वॉर्डावर ‘जवेदुयुश्शी अद्दिलेनियेम’, आणि आपल्या इन्चार्ज सिस्टरच्या जागी ‘स्तार्शया मित्सिस्त्रा’. शेवटचीशी नीट बोलता आलं नाही तर वॉर्डातली कामं रखडतात.

या सगळ्यांना समोर एकच संबोधन : नाव-पितृनाम. ‘दोक्तर’ ही हाक रुग्ण मारतो, विद्यार्थी नाही. आणि रुग्णालाही विद्यार्थ्यानं नाव-पितृनामानंच बोलवायचं, मग तो गवंडी असो की प्राध्यापक. केसपेपरवर ते पूर्ण लिहिलेलं असतं, खाटेजवळ जाण्याआधी वाचून घ्यावं. मुलं आपल्या सवयीनं ‘बाबुश्का’, आजी, म्हणून जवळीक करायला जातात. मराठवाड्यात म्हाताऱ्या रुग्णाला आजी म्हणणं मायेचं आहे, पण तिकडच्या वॉर्डात ते उद्धट वाटतं.

नावाची एक व्यवहारी गोष्ट आत्ताच पाहून ठेवा. रशियन फॉर्मवर तीन रकाने असतात : फमीलिया, ईम्या, ओत्चिस्त्वा, म्हणजे आडनाव, नाव, पितृनाम. दहावीच्या गुणपत्रिकेसारखं आडनाव आधी. आपल्या पासपोर्टात मात्र वडिलांचं नाव बहुधा मुलाच्या नावाच्याच ओळीत छापलेलं असतं. मग एक भाषांतरकार ते ‘ईम्या’त घालतो, दुसरा ‘ओत्चिस्त्वा’त, आणि एकाच मुलाची दोन नावं तयार होतात. पासपोर्टाचं प्रमाणित भाषांतर एकदाच करून घ्या, आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच्याबरहुकूम अक्षर न अक्षर जुळवा.

प्रश्न : ‘च’ आणि ‘ज’ कुठला म्हणायचा ते कळत नाही. (धाराशिव)

उत्तर : याबाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे, दोन्ही च आपल्याकडे आहेत. ‘नचाल्निक’चा च चहातला. ‘त्सेख’मधला ‘त्स’ म्हणजे चाकातला च. ‘जवेदुयुश्शी’चा ज जमिनीतला, शक्य तितका मोकळा. अडतो तो फक्त ‘मोझ्ना’ आणि ‘उवझाएमी’ (आदरणीय) यांतला झ. षटकोनातला ष म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि घशातून आवाज सोडा. गळ्यावर बोट ठेवलं तर कंप लागला पाहिजे.

प्रश्न : रशियन कंपनीच्या साहेबांना पत्र आणि रजेचा अर्ज कसा लिहायचा? आडनावाचं रूप कधी बदलतात, कधी नाही, हेही सांगा. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पत्राची सुरुवात ‘उवझाएमी इवान पित्रोविच!’, बाईंना ‘उवझाएमया यिलेना सिर्गेयेव्ना!’. उद्गारचिन्हच द्यायचं आणि पुढचा मजकूर नव्या ओळीवर मोठ्या अक्षरानं सुरू करायचा. स्वल्पविराम दिला तर पुढचं अक्षर लहान. इंग्रजी पत्राच्या नकलेनं ‘दरगोय’ लिहू नका, ते घरच्या माणसाला. एकाच व्यक्तीला लिहीत असाल तर ‘वी’ मोठ्या अक्षरानं, अनेकांना असेल तर लहान. शेवटी ‘स उवझेनियेम’, सविनय.

अर्जाला ‘जयव्लेनिये’ म्हणतात आणि त्याचा साचा ठरलेला आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात आधी कुणाला : पद आणि आडनाव चतुर्थीत, ‘दिरेक्तरु… पित्रोवु इ. पे.’. त्याखाली कुणाकडून : पद आणि आडनाव षष्ठीत. मग मधोमध ‘जयव्लेनिये’ हा शब्द. मग एकच वाक्य, ‘प्रशू प्रिदस्तावित म्न्ये ओत्पुस्क…’, मला रजा द्यावी अशी विनंती, अमुक तारखेपासून इतके कॅलेंडर दिवस. खाली तारीख आणि सही. रशियात वार्षिक पगारी रजा २८ कॅलेंडर दिवसांची असते, तुकडे करता येतात, पण एक तुकडा किमान १४ दिवसांचा असावाच लागतो. दिवाळीला यायचं असेल तर हाच तुकडा त्यासाठी धरा. कॅलेंडर दिवस म्हणजे रविवारही मोजला जातो.

आता आडनावं. शिंदे, मोरे, काळे, मुंडे यांच्यासारखी ‘ए’कारान्त आणि कुलकर्णी, जोशी यांच्यासारखी ‘ई’कारान्त आडनावं कुठल्याही विभक्तीत बदलत नाहीत. पाटील, कदम, पवार, जाधव, लातूरकर अशी व्यंजनान्त आडनावं पुरुषाची असतील तर चालतात : पाटीलला म्हणजे ‘पातिलु’, पाटीलकडून ‘अत पातिला’. तीच आडनावं बाईची असतील तर अजिबात बदलत नाहीत : ‘अत पातिल’. त्यामुळे पाटील बाईंनी ‘अत पातिला’ लिहिलं, तर वाचणारा अर्जदार पुरुष आहे असंच समजतो. जाधवांना आणखी एक सूचना : शेवट रशियन आडनावासारखा दिसला तरी तृतीयेत ‘जाधवम’ होतं, ‘जाधविम’ नाही.

प्रश्न : उशीर झाला म्हणून तिकडच्या ऑफिसात ‘अब्यिस्नीतिल्नया’ मागतात म्हणे. हे काय आहे? (हिंगोली)

उत्तर : लेखी खुलासा. मेमो नव्हे, मेमोच्या आधीची पायरी. रशियन कामगार कायद्याप्रमाणे शिक्षा करण्याआधी वरिष्ठानं लेखी खुलासा मागावाच लागतो आणि तो द्यायला कामगाराला दोन कामाचे दिवस मिळतात. तेवढ्यात दिला नाही तर तशी नोंद करून कारवाई पुढे जाते, म्हणून गप्प बसू नये.

साचा अर्जाचाच : कोपऱ्यात ‘नचाल्निकु त्सेखा’, खाली तुमचं नाव, मधोमध ‘अब्यिस्नीतिल्नया जपीस्का’. मजकुरात तारीख, किती मिनिटं उशीर आणि कारण, इतकंच. ‘या अपज्दाल ना सोरक मिनूत’, मला चाळीस मिनिटं उशीर झाला. बाई असेल तर ‘अपज्दाला’. पुढे ‘ताक काक’, कारण की, आणि एक वाक्य. बस बंद पडल्याचा फोटो किंवा दवाखान्याचा कागद असेल तर जोडा. सहीखाली तारीख घाला, आणि देण्याआधी एक प्रत काढून तिच्यावर मिळाल्याची सही घ्या.